२००८ ची जिप्सी घ्यावी का? इंजिन नंतर, आधी गाडीखाली झोपा

प्रश्न असा आला आहे: "साताऱ्यात राहतो. २००८ ची मारुती जिप्सी मिळते आहे, सॉफ्ट टॉप, एमपीएफआय (इंजेक्शनचं) पेट्रोल. मीटरवर ६२ हजार. मालक म्हणतो इंजिन एक नंबर आहे, फोर बाय फोर चालू आहे. नुकताच रंग मारलाय, टायर मोठे आहेत, पुढे विंच (अडकलेली गाडी वायरने ओढून काढायची मोटर) आहे. शनिवार-रविवारी कास, बामणोली, कोयनेकडचे कच्चे रस्ते आणि महिन्यातून एखाद वेळी पुणे, एवढंच काम. गाडी भरवशाची राहील का? बघायला जाताना काय काय तपासू?"

या वर्णनात माझ्या कामाच्या दोनच गोष्टी आहेत: साल आणि नवा रंग. ६२ हजार विसरून जा. जिप्सीचा स्पीडोमीटर केबलवर चालतो, ती केबल ट्रान्सफर केसमधून (इंजिनची ताकद पुढच्या-मागच्या चाकांना वाटणारा गिअरचा डबा) येते आणि ती तुटते. तुटली की बरेच मालक वर्ष-वर्ष तशीच गाडी हाकतात. त्यात मोठे टायर लावले की मीटर खऱ्या अंतरापेक्षा कमीच मोजतो. गाडी किती चाललीय ते पेडलच्या रबरावर, गिअरच्या मुठीवर, ड्रायव्हरच्या सीटच्या चौकटीवर आणि दाराच्या बिजागऱ्यांवर दिसतं. पेडलचं रबर कोरं करकरीत असेल तर ते कधी बदललं आणि का, एवढं विचारा.

"इंजिन एक नंबर" हे जुनी जिप्सी विकणारा प्रत्येक जण म्हणतो, आणि पुष्कळदा ते खरंही असतं. पण जिप्सीत मोठ्या कामांपैकी सगळ्यात सोपं काम इंजिनचंच. १२९८ सीसीचं ते जी१३ इंजिन एस्टीममध्येही होतं, त्यामुळे ते उघडून भरणारा कारागीर तालुक्याच्या गावीही सापडतो आणि सुटे भाग अडत नाहीत. सडलेली चासी (गाडीचा खालचा लोखंडी सांगाडा) आणि लटकलेले कागद यांना मात्र इलाज नाही. पुढचा ॲक्सल (दोन्ही चाकं जोडणारा दांडा) या दोन्हींच्या मधे येतो: दुरुस्त होतो, पण खिसा मोकळा करून. म्हणून तपासणीचा माझा क्रम चासी, कागद, पुढचा ॲक्सल, ट्रान्सफर केस आणि शेवटी इंजिन असा असतो. गिऱ्हाईक नेमकं उलटं करतं. बॉनेट उघडतं, आवाज ऐकतं, खूश होतं आणि टोकन देऊन येतं.

थोडा इतिहास तपासणीपुरता हवा. जिप्सी १९८५ च्या अखेरीस आली, सुझुकीच्या एसजे४१० च्या लांब आवृत्तीवरून. तेव्हा ९७० सीसीचं इंजिन आणि ४ गिअर होते. १९९३ मध्ये डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर वाढवलं, १९९६ मध्ये १३०० सीसी आणि ५ गिअरची 'जिप्सी किंग' आली, २००० मध्ये कार्ब्युरेटर जाऊन १६ व्हॉल्व्हचं ८० बीएचपीचं एमपीएफआय इंजिन बसलं. २०१९ पर्यंत सामान्य ग्राहकांसाठीची विक्री थांबली, लष्करासाठी गाडी पुढेही बनत राहिली. तेव्हा २००८ च्या गाडीत एमपीएफआय आणि ५ गिअरच असायला हवेत. कार्ब्युरेटर दिसला किंवा गिअर चारच निघाले, तर ती दोन गाड्या जोडून उभी केलेली एक गाडी आहे. अशा गाड्या फिरताहेत, आणि त्या वाईटच चालतात असं नाही. पण त्या विकत घ्यायच्या नसतात.

जिप्सी भरवशाची का, याचं कारण तिच्या वजनात आहे. सॉफ्ट टॉप जेमतेम १ टनाची. पुढे-मागे सरळ दांड्याचे ॲक्सल, चारही बाजूंना पाटे (लीफ स्प्रिंग), स्टिअरिंग हाताच्या जोरावर, इंजिनचा कॉम्प्युटर सोडला तर इलेक्ट्रॉनिक काही नाही. एवढ्या हलक्या गाडीचे ॲक्सल आणि गिअर सहसा ताणले जात नाहीत. हा फायदा कंपनीच्या मापाच्या टायरवर मिळतो. मोठ्या टायरवर तो निम्मा जातो. तुमच्या गाडीला मोठे टायर आहेत, त्याकडे पुढे येतोच.

आता चासी. बघायला जाताना जुने कपडे, टॉर्च, छोटी हातोडी, जाड स्क्रू-ड्रायव्हर, लोहचुंबक आणि एक सतरंजी घ्या. मालकाला सांगा, गाडी धुऊ नका आणि सुरूही करून ठेवू नका. गाडीखाली झोपून मागून सुरुवात करा. मागच्या पाट्यांचे शॅकल (पाटा टांगणाऱ्या कड्या) जिथे चासीला अडकतात तो भाग, मागच्या ॲक्सलवर चासी उचलून घेतलेली असते तो बाक, आणि बॉडी चासीवर ज्या रबरी गुटक्यांवर बसते त्यांच्या वाट्या, ही तीन ठिकाणं आधी जातात. चासीची पेटी आतून पोकळ असते. भोकांतून चिखल आत शिरतो, पाणी निघायची वाट बुजते आणि लोखंड आतून सडत जातं. बाहेरून रंग शाबूत दिसतो. म्हणून डोळ्यांवर विसंबू नका. फणस पिकलाय का बघायला टिचकी मारतो तशी हातोडी मारत पुढे सरका. चांगलं लोखंड ठणठणीत बोलतं, सडलेलं बद्द वाजतं. बद्द वाजलं तिथे स्क्रू-ड्रायव्हर टेकवून दाबा. आत गेला तर उठा, कपडे झटका आणि चहा न पिता घरी या.

खालून ताजं काळं अंडरकोटिंग मारलेलं असेल तर मला आनंद होत नाही, संशय येतो. इतक्या जुन्या गाडीला विकायच्या महिन्यात कोटिंग कोण करतं? मालकाला स्पष्ट विचारा, आणि दोन-चार ठिकाणी खरवडून बघायची परवानगी मागा. नाही म्हणाला तर तेच उत्तर समजा. वेल्डिंगचे ठिगळ शोधा. मूळ चासीवरची वेल्डिंग सरळ आणि एकसारखी असते, गॅरेजमधली फुगीर आणि ठिपक्याठिपक्यांची. साताऱ्याच्या, वाईच्या, फलटणच्या गाडीला गंज तुलनेने कमी. रत्नागिरी, मालवण किंवा गोव्याची गाडी असेल तर ही सगळी तपासणी दुप्पट सावकाश करा. किनाऱ्यावर वाळूत फिरवून न धुतलेली जिप्सी थोड्या पावसाळ्यांतच पोकळ होते. आरसीवर पहिली नोंदणी कुठली आहे ते त्यासाठीच वाचायचं.

स्टिअरिंग बॉक्स चासीला जिथे बोल्टने बसतो ती जागा विसरू नका, मोठ्या टायरच्या गाडीत तर मुळीच नाही. एकाला सीटवर बसवून उभ्या गाडीत स्टिअरिंग डावी-उजवीकडे हलवायला लावा आणि तुम्ही खालून बघा. बॉक्स स्वतः हलत असेल किंवा बोल्टभोवती केसासारखी चीर दिसत असेल, तर ते घाटात महागात पडणारं काम आहे. चासी वाकलीय का हे तपासायला लेझर लागत नाही. सपाट जागी गाडी उभी करा, चारही पाट्यांच्या टोकाच्या बोल्टवरून ओळंबा सोडून जमिनीवर खडूने खुणा करा आणि कोपऱ्या-कोपऱ्यातलं तिरकं अंतर मोजा. दोन्ही तिरक्या मापांत अर्ध्या इंचाहून जास्त फरक आला तर गाडीने कुठेतरी जबर मार खाल्लाय.

बॉडीचा पत्रा चासीइतका जीवघेणा नाही, तो बदलता येतो. रबरी मॅट उचलून पायाखालचा पत्रा बघा, काचेच्या चौकटीची खालची कड बघा, मागच्या चाकांवरच्या कमानी आणि बॅटरीखालचा ट्रे बघा. नव्या रंगाखाली पुट्टी किती आहे ते लोहचुंबक सांगेल. चिकटला नाही की तिथे पत्रा नाही, पुट्टी आहे.

कागदांचं बोलू. तुमचं बजेट बुडायचं असेल तर ते बहुधा इथे बुडेल.

२००८ ची खासगी गाडी म्हणजे पहिलं १५ वर्षांचं पासिंग (नोंदणीची मुदत) २०२३ मध्ये संपलं. रिपासिंग झालं असेल तर ते ५ वर्षांचं, म्हणजे २०२८ पर्यंत. आरसीवर 'व्हॅलिड अपटू'ची तारीख वाचा आणि तीच एमपरिवहन ॲपवर ताडून बघा. रिपासिंग झालेलं नसेल आणि मालक म्हणत असेल "करून देतो, दोन दिवसांचं काम आहे", तर त्याला सांगा, दोन दिवसांनी येतो. रिपासिंगसाठी गाडी आरटीओपुढे न्यावी लागते, पर्यावरण कर भरावा लागतो आणि मोटारीची फी ५ हजार रुपये आहे. २०२५ च्या नियमाने २० वर्षांवरच्या मोटारीला ती १० हजार झाली. २०२८ मध्ये तुमची गाडी नेमकी त्या उंबरठ्यावर असेल, हे भावाच्या बोलणीत धरा.

चासी नंबर आणि इंजिन नंबर आरसीशी स्वतः जुळवा. नंबरावर कागद ठेवून पेन्सिल घासा, ठसा उमटतो. आरटीओतही हेच करतात. अक्षरं खोल-उथळ, वाकडीतिकडी किंवा आजूबाजूला घासल्याच्या खुणा असलेली वाटली, तर किंमत कितीही उतरली तरी नको. बँकेचा बोजा आरसीवर असेल तर फॉर्म ३५ आणि बँकेचं पत्र हवं. परजिल्ह्यातली किंवा परराज्यातली असेल तर फॉर्म २८ ची एनओसी. नाव बदलायला फॉर्म २९ आणि ३०. मधल्या दलालाने कोऱ्या सह्या घेऊन ठेवलेल्या असतात. ज्याचं नाव आरसीवर आहे त्याला समोर बसवूनच सह्या घ्या. एप्रिल २०१९ च्या आधीच्या गाड्यांना उच्च सुरक्षा नंबर प्लेट लागते. ती नसेल तर मालकानेच आधी बसवून घ्यायची. थकलेली चलानं नंबर टाकून दिसतात, ती व्यवहाराआधी भरून घ्या.

जिप्सी बाजारात कुठून येते हे कळलं की कागद वाचणं सोपं जातं. एक वाट लष्कराची. लिलावातून सुटलेली गाडी नंतर आरटीओत पहिल्यांदा नोंदवली जाते, म्हणून आरसीवर उत्पादनाचं साल २००८ आणि नोंदणीचं साल बरंच अलीकडचं दिसेल. यात गैर काही नाही, फक्त लिलावाची मूळ कागदपत्रं आणि आरसी यांतले नंबर जुळायला हवेत. नोंदणीच न झालेली, "आर्मीचा कागद आहे, पासिंग तुम्ही करा" अशी गाडी घेऊ नका. लष्करी गाड्यांबद्दल लोकांना फार प्रेम असतं. सर्व्हिस वेळेवर होते हे खरं, पण ड्रायव्हर शेकडो झालेले असतात आणि लिलावाची वाट बघत गाडी उघड्यावर उभी असते. उभी राहिलेली गाडी म्हणजे टाकीत गंज, सुकलेले ऑइल सील आणि अडकलेले ब्रेक.

दुसरी वाट दिल्लीची. तिकडे १५ वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर निर्बंध आल्यापासून 'डीएल' नंबरच्या जिप्सी इकडे येतात. कोरड्या हवेतल्या असल्याने चासी बरी असते, हे मी पाहत आलोय. पण एनओसी आणि महाराष्ट्राचा कर भरल्याची पावती नसेल तर ती गाडी तुमच्या दारात शोभेची वस्तू होईल. तिसरी वाट ताडोबा, पेंचसारख्या जंगलांची. तिथल्या सफारीच्या गाड्या रोज पहाटे-दुपारी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, माणसं भरून, धुळीत चाललेल्या असतात. मागे चढती बाकं वेल्ड केलेली असतात, ती कापून काढल्याच्या खुणा मागच्या पत्र्यावर दिसतात. अशा गाडीची नोंदणी व्यावसायिकमधून खासगीत बदललीय का ते बघा. पोलीस किंवा वन खात्याची जुनी गाडी "कागद होऊन जातील" म्हणून कोणी देत असेल तर दुर्लक्ष करा. १५ वर्षं झालेल्या सरकारी गाड्यांची नोंदणी १ एप्रिल २०२३ पासून पुढे वाढत नाही, त्या भंगारातच जायच्या आहेत.

आता मोठे टायर आणि विंच. मूळ गाडीत केलेल्या बदलांना कायद्यात कलम ५२ आहे, आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही उत्पादकाने ठरवलेल्या रचनेपलीकडचे बदल नोंदणीत चालणार नाहीत असं स्पष्ट केलं. रिपासिंगला गाडी नेताना मूळ मापाचे टायर शोधत फिरावं लागतं ते यामुळेच. पण मला कायद्यापेक्षा धातूची काळजी जास्त वाटते. मोठा टायर जड असतो. तो किंगपिनच्या (पुढचं चाक ज्यावर वळतं ती खीळ) बेअरिंगवर, हबवर (चाकाचा मधला भाग), स्टिअरिंगच्या सांध्यांवर आणि ब्रेकवर सतत ओझं टाकतो. ८० बीएचपीच्या इंजिनाला गिअर लांब पडतात, मग चढावर क्लच घासून काम भागवावं लागतं. मूळ टायर मालकाकडे असतील तर तेही सौद्यात घ्या. नसतील तर त्यांचा खर्च आजच किमतीतून वजा करा.

पुढच्या ॲक्सलकडे या, इथे घाई नको. पुढचं एक चाक जॅकवर उचला, खाली स्टँड लावा. चाक वर-खाली, घड्याळातल्या १२ आणि ६ च्या जागी धरून हलवा. ढिलं लागलं तर ते चाकाचं बेअरिंग किंवा किंगपिन. कोणतं ते कळायला दुसऱ्याला ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. ढिलेपणा गेला तर बेअरिंग, राहिला तर किंगपिन. मग ९ आणि ३ च्या जागी धरून हलवा. इथला ढिलेपणा टाय रॉडच्या (पुढची दोन चाकं जोडणारा स्टिअरिंगचा दांडा) टोकांचा किंवा स्टिअरिंग बॉक्सचा. ६०-७० च्या वेगाला खड्डा लागला की पुढचा भाग अख्खा थरथरायला लागतो, ती जिप्सीची प्रसिद्ध खोड याच ढिलाईतून येते. पुष्कळ विक्रेते त्यावर नवा स्टिअरिंग डॅम्पर (थरथर शोषणारा शॉकॲब्सॉर्बर) बसवतात. थरथर दबते, कारण तसंच राहतं. बाकी सगळं जुनं आणि डॅम्पर तेवढा चकचकीत दिसला की समजा. स्टिअरिंगमध्ये थोडी ढिलाई या गाडीत मुळातच असते, तिला घाबरू नका. उलट स्टिअरिंग मधोमध अगदी घट्ट असेल आणि वळणानंतर आपोआप सरळ येत नसेल, तर बॉक्सचा स्क्रू आवळून ढिलाई लपवलेली असते.

चाकामागचा गोल नकल (चाक वळवणाऱ्या सांध्याचा गोळा) बघा. तिथे थोडं ग्रीस पाझरणं चालतं. पातळ काळं तेल ओघळत असेल तर आतलं सील जाऊन डिफरेन्शियलचं (ॲक्सलमधल्या गिअरच्या डब्याचं) ऑइल ग्रीसमध्ये मिसळतंय. मागच्या ब्रेकच्या ड्रमखाली तेलाचे ओघळ असतील तर तीच कथा मागच्या सीलची, आणि ब्रेक शूही भिजलेले असतील. दोन्ही ॲक्सलवरचा ब्रीदर (आतली हवा निघायची वाट) चिखलाने बुजला की आतला दाब सील ढकलतो. पुष्कळदा सील दोनदा बदललेलं असतं आणि ब्रीदरला कोणी हात लावलेला नसतो. मालक परवानगी देत असेल तर डिफरेन्शियलचा खालचा बोल्ट उघडून चमचाभर ऑइल बघा. दुधट असेल तर गाडी पाण्यात बुडलीय. चुंबकी टोकावर बारीक राखाडी लेप ठीक, कपच्या नकोत.

फोर बाय फोर चालू आहे हे लिव्हर हलतो म्हणून मानू नका. चाचणी डांबरावर घ्यायची नाही. या गाडीत पुढच्या-मागच्या ॲक्सलमध्ये मधला डिफरेन्शियल नसतो, त्यामुळे पकड असलेल्या रस्त्यावर चारही चाकं जोडली की शाफ्ट पिळले जातात. मुरमाच्या माळावर किंवा ओल्या वावरात जा. पुढच्या दोन्ही हबचे डायल हाताने 'लॉक'वर फिरवा. फिरतच नसतील तर ते कित्येक वर्षं वापरलेले नाहीत. मग फोर हायमध्ये (चारही चाकांना ताकद, नेहमीचा वेग) टाकून सावकाश पूर्ण वळण घ्या. स्टिअरिंग जड व्हायला हवं, पुढची चाकं ओढताहेत, अडखळताहेत असं हाताला कळायला हवं. टू व्हील ड्राइव्हसारखीच अलगद वळली तर पुढे ताकद पोचतच नाही. वळताना कट-कट आवाज आला तर आतला सांधा झिजलाय.

मग थांबून फोर लो (चारही चाकांना ताकद, वेग कमी पण जोर जास्त). पहिल्या गिअरमध्ये उतारावर सोडा, ॲक्सिलरेटर दाबा-सोडा असं काही वेळा करा. लिव्हर आपोआप न्यूट्रलमध्ये उडी मारत असेल तर ट्रान्सफर केस उघडावा लागणार. ट्रान्सफर केस गिअरबॉक्सपासून वेगळा, तीन रबरी माउंटिंगवर टांगलेला असतो. माउंटिंग फाटली की क्लच सोडताना खालून धाड असा दणका येतो. ते काम छोटं आहे, त्यावर भाव मात्र मोठा तोडता येतो. चालताना खालून हलकी घरघर येते ती या गाडीचीच. कारमधून उतरून जिप्सीत बसणारा पहिल्या दिवशी हमखास घाबरतो.

इंजिनसाठी गाडी थंड हवी. बॉनेटला हात लावून बघा, गरम असेल तर कोणीतरी तुमच्या आधी सुरू करून ठेवलीय. रेडिएटरचं झाकण उघडून पाण्यावर तेलाची तवंग नाही ना, आणि ऑइलच्या झाकणाखाली फेसाळ तपकिरी थर नाही ना, एवढं बघून मग सुरू करा. नंतर सरळ यवतेश्वरचा घाट चढा. इंजिनच्या तापमानाचा काटा मधल्या खुणेच्या फार वर जायला नको. वर पोचल्यावर परत फिरा, दुसऱ्या गिअरमध्ये पाय उचलून उतरा आणि एका वळणानंतर एकदम ॲक्सिलरेटर द्या. मागे निळा धूर आला तर व्हॉल्व्हचे सील गेलेत. सतत निळा धूर येत असेल तर रिंगा. कॉम्प्रेशन मोजायचं साधन गॅरेजवाल्याकडे असतं. चारही सिलिंडरचे आकडे १५ पीएसआयच्या आत एकमेकांजवळ असले की मी पुढचं काही विचारत नाही. टायमिंगचा पट्टा कधी बदलला याची पावती नसेल तर घेतल्याच्या आठवड्यात बदला. आणि आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, २००८ च्या रबरी नळ्या त्यासाठी बनलेल्या नाहीत. टाकीपासून इंजिनापर्यंतच्या नळ्या पट्ट्याबरोबरच बदलून टाका.

सुट्या भागांची चिंता नको. लष्करात ही गाडी अजून आहे, त्यामुळे भाग बनताहेत. पुण्यात नाना पेठ, मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड आणि सगळीकडे नकार मिळाला तर दिल्लीचं काश्मिरी गेट.

तुमच्या कामाला जिप्सी बसते का? बामणोली, कास, कोयनेकडच्या वाटांना तिच्यासारखी गाडी नाही. अरुंद वाटेवर वळते, अडकली तर चार माणसं ढकलून काढतात. पण महामार्गावर ८० च्या वर ती ओरडते, पाटे कडक असल्याने मागे बसलेल्यांचे हाल होतात आणि पेट्रोल लिटरला १०-११ च्या आसपास धरा. महिन्यातून एखाद्या पुण्याच्या खेपेला चालेल. घरात आई-वडील असतील आणि त्यांना घेऊन पुण्याला जायचं असेल तर दुसरी गाडी ठेवा. आधीच्या पिढीतली, २०१० ते २०२० मधली थार सीआरडीई हा जवळचा पर्याय. डिझेलची ओढ चांगली, पुढचं सस्पेन्शन स्वतंत्र असल्याने रस्त्यावर बरी, पण वजन जास्त आणि पत्र्याला गंज लवकर, तेव्हा हातोडी तिथेही घेऊन जा. जिम्नी सगळ्या बाबतींत शहाणी गाडी आहे. जून २०२३ मध्ये तिची सुरुवातच १२.७४ लाखांपासून होती, म्हणजे जुनी मिळाली तरी जिप्सीच्या खिशाबाहेरची.

भावाबद्दल एवढंच: ठरलेल्या किमतीच्या पाव हिस्सा रक्कम हातात राखून बोलणी करा, ती पहिल्या काही महिन्यांत सील, बेअरिंग, नळ्या, ब्रेक आणि टायरवर जाणारच आहे. चासी ठणठणीत आणि कागद स्वच्छ असतील, तर झिजलेला किंगपिन किंवा धूर सोडणारं इंजिन हे भाव पाडायचे मुद्दे आहेत, नाही म्हणायचे नाहीत. चमकणारी, विंचवाली, दिव्यांच्या पट्ट्या लावलेली जिप्सी आणि शेजारच्या गावातली मळकी, मूळ टायरवरची, एकाच मालकाची जिप्सी समोर असतील, तर मी दुसरी आधी बघायला जाईन. विंचची वायर बॅटरीतून कशी ओढलीय तेवढं नक्की बघा. फ्यूज किंवा तोडायचा स्विच नसेल तर ती आग लागायची सोय आहे. आणि मालक विंचचे वेगळे पैसे लावत असेल तर त्याला विंच काढून ठेवायला सांगा आणि त्याशिवायचा भाव विचारा.